बेडकांच्या हयातीचा दाखला

ज्या जिवाचे पत्ते दोन, त्याच्यावर कोणत्याही व्यवस्थेनं एकदम विश्वास ठेवू नये. एकाच माणसाचं नाव दोन गावांच्या मतदार यादीत निघालं तर आपण त्याला काय म्हणतो, ते सर्वांना ठाऊक आहे. बेडूक मात्र हजारो वर्षं पाण्यात आणि जमिनीवर असा दोन्हीकडं उघड उघड राहत आला, आणि १९९९ सालापर्यंत कोल्हापूर जिल्ह्यात त्याला कुणी साधी नोटीससुद्धा काढली नव्हती. ही गंभीर उणीव दूर करण्यासाठी 'जिल्हा उभयचर संगणकीय माहितीकोश कक्ष' स्थापन झाला. या कक्षाचा पहिला आणि (आजवर तरी) एकमेव प्रमुख नोंद अधिकारी मी. मला सगळे आण्णा म्हणतात.

बेडकांतलं मला काय कळतं, असा प्रश्न त्या वेळी काही लोकांनी काढला होता. अहो, सत्तावीस वर्षं मी सेवानिवृत्तांच्या पतसंस्थेचा चिटणीस होतो! ज्यानं तीनशे निवृत्त मास्तर सांभाळले त्याला बेडूक काय जड? दोघांचाही आवाज मोठा. दोघंही एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि दोघंही वर्षातले काही महिने कुठं जातात ते कळत नाही. (मास्तर पुण्याला मुलाकडं जातात. बेडकांचं पुढं सांगतो.)

हेतू उदात्त होता. जगाच्या पाठीवर कुठंही बसलेल्या शास्त्रज्ञाला एका बटणावर कळावं की कोल्हापूर जिल्ह्यात कोणता बेडूक, कुठं आणि किती. आणि ते कळल्यामुळं बेडूक वाचावा. बटण २००० साली आलं. टेलिफोनची लाईन २००१ साली आली. बेडूक आधीपासूनच होते, त्यामुळं काम अडलं नाही.

संगणक आला त्या दिवशी त्याच्यापुढं नारळ फोडला, पडद्याला हळदकुंकू लावलं, आणि खोलीबाहेर 'चपला काढून आत यावे' अशी पाटी लावली. बेडूक पाहायला जाणाऱ्यानं गुडघाभर चिखलात जावं आणि त्याची नोंद करणाऱ्यानं अनवाणी फरशीवर बसावं, अशी कामाची स्वच्छ विभागणी होती. पहिलं काम प्रियदर्शनीकडं, दुसरं माझ्याकडं. प्रियदर्शनी कागलची. प्राणिशास्त्रात एम.एस्सी., पहिल्या वर्गात. पोरगी हुशार, पण तिला एक वाईट खोड होती. तिला खरोखरच बेडूक आवडायचे.

आता राहिला प्रोग्राम. नवीन प्रोग्राम करून घ्यायला वर्ष लागलं असतं. मी म्हटलं, कशाला? आमच्या पतसंस्थेचा प्रोग्राम गडहिंग्लजच्या वीरेशनं करून दिलेला होता. चांगला चालत होता. कुणाची तक्रार नव्हती (तक्रारीचा रकानाच नव्हता). वीरेशला बोलावलं. त्यानं एका दुपारी, दोन चहात, सगळीकडं 'निवृत्तिवेतनधारक' खोडून 'बेडूक' केलं आणि फ्लॉपी माझ्या हातात दिली.

"वीरेश, बाकीचं बघायला नको का?" प्रियदर्शनीनं विचारलं.

"ताई, तीनशे मास्तर ह्याच्यात बसल्यात," तो म्हणाला, "बेडूक बसंना व्हय?"

आणि बसले की! आमच्या माहितीकोशाएवढी शिस्त तोवर कोणत्याही बेडकानं पाहिली नसेल. नवीन बेडूक नोंदवायचा तर एक सूचक आणि एक अनुमोदक लागायचा, आणि दोघंही आधीपासून सभासद असलेले बेडूक हवेत. पहिल्या बेडकाला सूचक कुठून आणायचा, हा घटनात्मक पेच तीन बैठका चालला. शेवटी रंकाळ्याच्या काठचे दोन बेडूक 'संस्थापक सभासद' म्हणून बिनविरोध घेतले. पुढं जिल्ह्यातला प्रत्येक बेडूक या दोघांच्याच शिफारशीनं आत आला. हल्ली रंकाळ्यावर फिरायला गेलो की त्या बाजूला माझी मान आपोआप लवते.

'सेवेतील शेवटचे पद' या रकान्यात आम्ही सरसकट 'बेडूक' लिहिलं. 'वारसाचे नाव' या रकान्यावर प्रियदर्शनी चिडली. एक मादी एका वेळी हजारभर अंडी घालते, म्हणाली. मी सांगितलं, मोठ्याचं नाव लिही. अंगठ्याच्या ठशाचीही अडचण आली. बेडकाच्या पुढच्या पायाला चारच बोटं असतात, अंगठा नसतो, असा तिचा तांत्रिक अभिप्राय पडला. ज्याला अंगठा नाही तो सही करत असणार, असं गृहीत धरून आम्ही सहीचा रकाना उघडला. सही आली नाही तर 'सही नंतर घेण्यात येईल' असा शेरा मारायचा. असे साडेसात हजारांवर शेरे आजही साइटवर आहेत.

या सगळ्यात माझा खरा अभिमानाचा विषय म्हणजे हयातीचा दाखला. निवृत्त माणूस दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा पुरावा देतो. देत नाही तो प्रोग्रामच्या दृष्टीनं ३० नोव्हेंबरला सायंकाळी पाच वाजता मयत होतो. हाच नियम बेडकांना लागू झाला. आता बेडूक हा असा प्राणी, की पाऊस सरला की मातीत, दगडाखाली, भेगेत जाऊन पडून राहतो, आणि मृग लागल्याशिवाय तोंड दाखवत नाही. म्हणजे नेमका दाखल्याच्या महिन्यात साहेब गैरहजर! आमचा नाइलाज झाला. आकडेवारी बोलकी आहे:

जुलै २००१: हयात बेडूक ३,४१२.
डिसेंबर २००१: हयात बेडूक १७ (सर्व, आमच्या कचेरीमागच्या नळाखाली).
जुलै २००२: नवीन सभासद ४,०९०.
डिसेंबर २००२: हयात बेडूक १९ (नळ दुरुस्त झालेला नव्हता).

नीट पाहा. दर डिसेंबरात जिल्ह्यातला बेडूक जवळपास नामशेष होत होता आणि दर जुलैत पहिल्यापेक्षा जास्त संख्येनं परत येत होता. नामशेष झालेली जात सहा महिन्यांत परत उभी करणारा एवढा एकच जिल्हा पृथ्वीवर होता. परदेशातल्या एका मोठ्या माहितीकोशाकडून ई-मेल आला, की हे आपण कसं साधता? मी उत्तर पाठवलं, सहकारातून. त्यांचं परत काही आलं नाही. पटलं असणार.

प्रियदर्शनी दोन वर्षं माझ्या मागं लागली होती. "आण्णा, 'हयात' आणि 'मयत' यांच्यामध्ये 'निद्रिस्त' असा एक रकाना घाला. एवढा एकच." मी तिला समजावून सांगितलं. आमच्या पतसंस्थेत असा रकाना असता तर अर्धी वार्षिक सभा त्यात गेली असती.

तर अशा सुरळीत चाललेल्या कामात कप्पेहाळचं तळं आलं.

कप्पेहाळ म्हणजे नेसरीच्या पलीकडं, कर्नाटकाच्या अंगाला असलेली चाळीस उंबऱ्यांची वस्ती. कानडीत कप्पे म्हणजे बेडूक, हे मला नंतर कळलं. गायरानात एक तळं, आणि तळ्याच्या खालच्या अंगाला बाळाबाईचं अर्धा एकर रान आणि एक विहीर. बाळाबाई साठीची. घरात दुसरं कुणी नाही. तळ्यातलं पाणी जमिनीतून मुरून तिच्या विहिरीत यायचं, त्यावर तिचं माळवं, म्हणजे भाजीपाला, पिकायचं, आणि ते नेसरीच्या बाजारात जायचं. तळं बुजलं की विहीर आटली आणि बाई उठली, एवढा साधा हिशेब होता.

आणि तळं बुजवायचं ठरलं होतं. गावच्या तरुण मंडळाचे अध्यक्ष उदयसिंह यांना तिथं सांस्कृतिक भवन बांधायचं होतं. गावाला संस्कृतीची गरज होतीच, कारण तोवर नुसतं तळं होतं. परवानगीच्या कागदांत एक अट आमच्या कक्षाच्या नावानं होती, आणि ती अट मिळवताना मी स्वतः कमी खेटे घातले नव्हते: पाणथळ जागा बुजवण्यापूर्वी 'सदर ठिकाणी हयात बेडूक नाही' असा माहितीकोशाचा दाखला जोडावा. बेडूक हयात असेल तर काम बंद. हे आमच्या कोशाचं सामर्थ्य. एका नोंदीत अख्खा बुलडोझर अडवायची ताकद होती.

जुलै २००३ मध्ये प्रियदर्शनीनं त्या तळ्यातला बेडूक नोंदवला. गोल, फुगीर, मातकट. बाळाबाई त्याला फुग्या म्हणायची. सूचक-अनुमोदक रंकाळ्याचेच (संस्थापकांची शिफारस ते मयत झाल्यावरही चालते). त्या वर्षीचा नोंद क्रमांक ११४७. उदयसिंहांचं काम थांबलं. त्या दिवशी प्रियदर्शनीनं सगळ्या कक्षाला (म्हणजे मला) पेढे दिले.

मग नोव्हेंबर लागला.

प्रियदर्शनी तीनदा कप्पेहाळला जाऊन आली. तळ्याच्या काठाचा चिखल वाळला होता आणि बेडूक खाली गेले होते. दाखल्यावर लिहायचं काय? शेवटी २८ तारखेला बाळाबाई स्वतः एस.टी.नं कोल्हापूरला आली. हातात दुधाची किटली, किटलीत ओली माती. पायरीवर चपला काढून आत आली आणि किटली माझ्या टेबलावर ठेवली.

"घ्या," म्हणाली. "दोन हात उकरलं तवा गावलाय. लिव्हा आता."

मी चष्मा लावला. मातीत एक गोळा होता. डोळे मिटलेले, पाय पोटाशी घेतलेले. पेन्सिलीनं हलकेच टोचलं. काही नाही.

"बाळाबाई, हा हलत नाही."

"निजलाय त्यो, आण्णा. दर साली असाच निजतोय. मिरगाला उठतोय."

"नमुन्यात विचारलंय, 'सभासद समक्ष हजर राहून हालचाल करतो काय?' मी काय लिहू?"

"लिव्हा, निजलाय म्हणून."

"तसं नाही लिहिता येत. हयात किंवा मयत."

बाई म्हणाली, "आन तुम्ही दुपारचं जेवून निजला, तर तुमच्या मालकीणबाई काय लिवत्यात?"

खोटं कशाला सांगू, मला हसू आलं. पण सत्तावीस वर्षांच्या चिटणीशीत मी एक खोटी नोंद केली नव्हती. डोळ्यानं जे दिसलं नाही ते लिहायचं कसं? हालचाल: नाही. बटण दाबलं. ११४७ च्या पुढं 'मयत' उमटलं. प्रियदर्शनी खिडकीकडं तोंड करून उभी राहिली.

"ऱ्हाऊ दे ह्यो तुमच्यापाशी," बाळाबाई किटलीकडं हात करून म्हणाली. "उठला की कळवा." आणि परतीची गाडी चुकेल म्हणून गेली. मी किटली पाण्याच्या माठाशेजारी ठेवली.

आमचा माठ गळका आहे. त्याचं पाणी चार दिवस थेंब थेंब करून किटलीत पडत राहिलं. पाचव्या दिवशी, ३ डिसेंबरला, सकाळी अकराच्या सुमारास प्रियदर्शनी ओरडली, "आण्णा! डोळं उघडलं बघा त्येनं!" (एरवी शुद्ध बोलणारी मुलगी.) मी जाऊन पाहिलं. सभासद क्रमांक ११४७ मातीतून अर्धा वर येऊन माझ्याकडं पाहत होता. गळा खालीवर होत होता. हयात होता हो! माझ्या पेन्शनरांतले कित्येक त्याच्याइतके हयात नव्हते.

मी तडक वीरेशला फोन लावला. "मयत झालेला सभासद परत हयात कसा करायचा?"

"त्याची सोय न्हाय, आण्णा."

"नाही म्हणजे?"

"तुम्हीच नको म्हणला हुता की. मागं मेलेल्या माणसाच्या नावावर कोण तरी पेन्शन खात हुता, तवा तुम्हीच म्हणला, एकदा मेला की परत उठता कामा नये. मी कुलूपच घालून टाकलंय त्याला."

खरं होतं. सूचना माझीच होती, आणि चोख अंमलात आली होती. दुरुस्ती करायची तर वार्षिक सभेचा ठराव लागतो. वार्षिक सभा ऑगस्टमध्ये. नवीन सभासद म्हणून घ्यावा, तर नोंदणी जुलैत.

फोन ठेवतोय तोवर उदयसिंह दारात. "रामराम आण्णा. तीस तारीख झाली. संगणक काय म्हणतोय आमच्या तळ्याचं?"

संगणक काय म्हणत होता ते पडद्यावर दिसत होतं. कप्पेहाळ: हयात बेडूक शून्य.

"आण्णा, नका छापू," प्रियदर्शनी म्हणाली. "तुमच्या डोळ्यांसमोर बसलाय तो. एवढा एक कागद नका छापू. बाईंची विहीर जाईल."

आता माझी अवस्था समजून घ्या. एका बाजूला एक बेडूक, तोही नोंदीनुसार मयत. दुसऱ्या बाजूला माहितीकोशाची विश्वासार्हता, जिच्यावर जगातले शास्त्रज्ञ अवलंबून. आज मी माझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवून कोशाला खोटं पाडलं, तर उद्या कुणीही डोळे घेऊन आला असता. मी छपाईची आज्ञा दिली.

आमचा प्रिंटर जुना, टाचण्या मारून छापणारा. त्यानं कर्र-कर्र-कर्र सुरू केलं. आणि किटलीतून उत्तर आलं. काय आवाज होता! प्रिंटर एक ओळ छापायचा, फुग्या एक हाक द्यायचा. 'सदर ठिकाणी...' डराँव. 'एकही हयात बेडूक...' डराँव. 'नसल्याचे प्रमाणित करण्यात येते...' डराँव, डराँव. बिचाऱ्याला वाटलं असेल, आपल्यातलंच कुणी तरी जवळपास आहे.

उदयसिंहांनी कान टवकारले. "प्रिंटर बिघडलाय जणू तुमचा."

"जुना आहे," मी म्हणालो. सही केली, शिक्का मारला, जावक क्रमांक घातला.

प्रियदर्शनीनं त्याच दुपारी राजीनामा दिला. तो विहित नमुन्यात नसल्यानं अद्याप प्रलंबित आहे, त्यामुळं नोंदीनुसार ती आजही आमच्याकडंच काम करते. (इचलकरंजीत एका शाळेत शिकवते असं ऐकतो. पोरं घेऊन ओढ्याकाठी फिरते म्हणे.)

मला कुणी निर्दय म्हणू नये. बाळाबाईनं कळवा म्हटलं होतं, ते कळवलं. दुसऱ्याच दिवशी साध्या टपालानं पत्र टाकलं: 'महोदया, आपण दि. २८ रोजी जमा केलेला सभासद क्र. ११४७ (मयत) दि. ३ रोजी उठला आहे. माहितीस्तव व पुढील योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर.' पत्र कप्पेहाळला १५ तारखेला पोचलं. तळ्यात मुरमाचे ट्रक ८ तारखेपासून पडत होते. खाली जे कोण निजलेले होते, ते सगळे मयतच होते. नियमाचा भंग कुठंही झाला नाही.

१६ तारखेला बाई आली. पत्र घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलेलं. किटलीत वाकून बघितलं. फुग्या टुणकन उडी मारून काठावर आला, तशी तिनं त्याच्यावर हात धरला.

"उठला खरं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता ठिवू कुठं ह्येला?"

तिनं भांडायला पाहिजे होतं. कोल्हापूरकडची बाई, चार शिव्या हासडायच्या, टेबल आपटायचं. मला त्याची सवय आहे. हे असं विचारलेलं मला सोसलं नाही. मी उगाच आवक-जावकचं रजिस्टर उघडलं.

"हिरीत सोडते," तीच मग म्हणाली. "हाय तवर हाय पानी." किटली घेतली, पायरीवर चपला घातल्या आणि गेली.

मार्चमध्ये तिचा अर्ज वर गेला: तळं बुजवल्यामुळं विहीर आटली, माळवं वाळलं, नुकसान भरून मिळावं. अर्ज फिरत फिरत अभिप्रायासाठी आमच्याच कक्षाकडं आला. मी प्रामाणिकपणे कोश उघडला. आमच्या प्रोग्रामची आणखी एक सोय अशी, की सभासद मयत झाला की वर्षअखेरीस त्याचा पत्ता यादीतून आपोआप गळतो. (मेलेल्या माणसाला सभेचं निमंत्रण जाऊ नये, म्हणून वीरेशनं मुद्दाम केलेली.) ११४७ चा पत्ता 'तळे, गायरान, कप्पेहाळ' असा होता, तो गळलेला होता. कप्पेहाळचं तळं शोधलं. उत्तर आलं, अशी नोंद नाही. मी अर्जावर शेरा लिहिला: 'सदर ठिकाणी तळे असल्याचे आढळून येत नाही. सबब ते बुजविल्याचा प्रश्न उद्भवत नाही. अर्ज निकाली.' त्या दिवशी मी घरी गेल्यावर जेवलो नाही. पण शेरा बरोबर होता. कुणालाही तपासता येईल.

इथवर वाचून तुम्ही हळहळला असाल. माणसं चांगली असतात, मला माहीत आहे. पुढं काय कराल तेही मला माहीत आहे. संध्याकाळी सहज कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत जाल, खुर्ची ओढून बसाल आणि 'कप्पेहाळ' असं टाकून बघाल. तळं, बेडूक, बाळाबाई, काही निघणार नाही. मग तुम्हाला जरा बरं वाटेल. हॅ, काही तरी रचलेलं दिसतंय, असं म्हणून घरी येऊन व्यवस्थित जेवाल. बाईच्या अर्जावर मी जे लिहिलं तेच तुम्हीही म्हणाल. फरक एवढाच, की मला त्याच्याखाली सही करावी लागली होती.